सिमेंटचा मालगुजार

फोटो हातोहात फिरत चंद्रभानच्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या कोपऱ्याला कोणाच्या तरी अंगठ्यावरचं भज्याचं तेल लागलेलं होतं. चंद्रभाननं आधी ते तेल बघितलं. ही त्याची जुनी खोड. कुठलीही वस्तू समोर आली की त्याला आधी तिच्यावरचा डाग दिसायचा आणि वस्तू मागाहून. त्यानं फोटो कडेनं, नखांत धरला. प्रभाकररावांची धाकटी मुलगी एका पगडीवाल्या पुतळ्याच्या मांडीवर बसून दात काढत होती. प्रभाकरराव पलीकडच्या टेबलावरचे हेडक्लार्क; पुण्याच्या या सरकारी हिशेबाच्या ऑफिसात वर्ध्याकडचे असे दोघंच, ते आणि चंद्रभान. दिवाळीत ते घरी जाऊन आले होते आणि आता मधल्या सुट्टीत त्यांची सहल सगळ्यांच्या हातांतून फिरत होती. "बघा, तुमच्याच भागातलं आहे," ते तिथूनच ओरडले. "देवळीच्या रस्त्याला नवा बगीचा झालाय, गावदर्शन म्हणून. अख्खं जुनं खेडं उभं केलंय सिमेंटचं. हा त्यातला मालगुजार. काय रुबाब आहे!" मालगुजार म्हणजे जुन्या राज्यातला गावाचा मालक; ते चंद्रभानला कोणी सांगायला नको होतं. त्यानं रुबाब बघितला. पगडी, कल्लेदार मिशा, तक्क्याला टेकलेलं अंग, शेजारी पिकदाणी. मग पगडीखाली त्याला डाव्या भुवईतली खाच दिसली. नाकाचा बाक दिसला. काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा पुढे आलेला खालचा ओठ दिसला. ते त्याच्या बापाचं तोंड होतं.

"छान आहे," तो म्हणाला आणि फोटो पुढच्या टेबलाकडे सरकवला. मग उठून बेसिनवर गेला आणि उगाचच हात धूत राहिला. आरशात नाकाचा तोच बाक होता, पण त्याकडे त्यानं कधी फारसं बघितलं नव्हतं. ऑफिसच्या जिन्यात लोकांनी थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरशा बसवल्या होत्या, आणि लोक देवाला चुकवून बरोबर त्याच्या पायाखाली थुंकत. तो जिना चंद्रभान रोज मधोमध चालून, श्वास रोखून चढायचा. त्या दिवशी उतरताना त्याचा श्वास मध्येच सुटला आणि तंबाखूचा, चुन्याचा, शिळ्या लाळेचा वास सरळ पोटात गेला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, लग्न झालं, सरकारी क्वार्टर मिळालं, बाथरूमला पांढऱ्या टाइल्स आल्या, तरी तो वास कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसलेला असायचाच.

दुसऱ्या दिवशी फोटो प्रभाकररावांच्या टेबलाच्या काचेखाली गेला. चंद्रभानच्या खुर्चीतून तो उलटा दिसे. मुलीचे पाय वर, पगडी खाली. खाली मान घातली तरी दिसे आणि मान फिरवली तरी दिसे. प्रभाकरराव त्या काचेवर डबा ठेवत, चहाची बशी ठेवत, कधी हिशेबाच्या नादात बापाच्या कपाळावर पेन्सिल आपटत बसत. ऑफिसात चंद्रभान कोण, कुठल्या वस्तीतला, हे सगळ्यांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं सगळे वागत. जेवायला त्याला आग्रहानं बोलावत. फक्त भाज्यांची देवाणघेवाण त्याच्या डब्यापाशी येऊन थांबायची, आणि तीही इतक्या सहज, की तक्रार करावी तर आपणच हलके ठरावं. चंद्रभाननं कधी तक्रार केली नाही. त्यानं डबा लखलखीत ठेवला, शर्ट पांढरे ठेवले. आणि गावी जाणं कमी करत नेलं. गेला तरी तिसऱ्या दिवशी त्याला परतायची घाई होई. गोधड्यांचा वास, नाल्यावरच्या माश्या, तोंडात घास असताना बापाचं बोलणं. त्याला आपल्या माणसांची किळस यायची, आणि ती येते म्हणून स्वतःची यायची. हे तो बायकोशी, प्रमिलेशीही कधी बोलला नव्हता.

आता बाप तिथं कसा जाऊन बसला, हा प्रश्न त्याला झोपू देईना. श्रावण कोतवाल. गावाच्या मालकाचा हरकाम्या, दवंडी पिटणारा, मेलेलं जनावर ओढणारा, वाड्याच्या ओसरीखाली मान घालून उभा राहणारा. लहानपणी चंद्रभान त्याच्यामागे उभा राही. त्याला बापाची फक्त पाठ दिसे, आणि बापाच्या खांद्यावरून वर, तक्क्याला टेकलेला मालगुजार. मालगुजाराच्या शेजारी पितळेची पिकदाणी असे, पण त्याला बसल्या जागेवरून बाहेर थुंकायची हौस. ओसरीची खालची भिंत लाल झालेली असे आणि तिच्यावर राख टाकून खराट्यानं ती घासायचं काम पोराचं, म्हणजे चंद्रभानचं. ओल्या राखेत लाल पाणी मुरून जो रंग होई, तो त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. एकदा कुठल्याशा निरोपाला उशीर झाला म्हणून मालगुजारानं हातातला अडकित्ता भिरकावला. तो बापाच्या भुवईवर बसला. बापानं रक्त पुसलं नाही, अडकित्ता उचलला आणि मालगुजाराच्या हातात परत दिला. भुवईतली खाच ती ही. मग छप्पन साल आलं. बाप नागपूरला जाऊन आला, पांढरे कपडे घालून. आल्या आल्या त्यानं ती तेल पाजलेली कोतवालाची काठी कुऱ्हाडीनं फोडली आणि चुलीत घातली. मायनं तिच्यावर भाकरी केल्या. भाकरीला तेलकट धुराचा वास येत होता, आणि चंद्रभाननं तीन भाकरी खाल्ल्या. अख्ख्या लहानपणातलं एवढंच एक जेवण त्याला किळस न येता आठवे. आणि आता काठी जाळणारा हा माणूस त्याच तक्क्याला टेकून, तीच पिकदाणी शेजारी घेऊन, प्रभाकररावांच्या काचेखाली ऐटीत बसला होता.

डिसेंबरात त्यानं चार दिवसांची रजा टाकली. बापाची तब्येत बरी नाही, असं सांगितलं. प्रभाकररावांनी आपण होऊन त्यांचा क्लिक-थ्री कॅमेरा आणून दिला. "नवा रोल टाकलाय. सवडीनं बगीच्यात जाऊन या, फोटो काढा. आणि एक काम करा, फाटकावरचा कोतवाल आमचा राहून गेला. गर्दी फार होती त्याच्याभोवती. तो तेवढा आणाच." कोतवाल हा शब्द त्यांनी शिऱ्याचा घास घ्यावा तसा घेतला. चंद्रभान हो म्हणाला. कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पट्ट्याला प्रभाकररावांच्या मानेचा घाम आणि पावडर यांचा वास होता, तो पुण्यापासून वर्ध्यापर्यंत गाडीत त्याच्या नाकाशी राहिला.

वर्ध्याला कापसाचे दिवस होते. बाजारापर्यंत गाड्यांची रांग लागलेली, हवेत पेळूसारखं काहीतरी तरंगतंय, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. देवळीच्या एस्टीत तो खिडकीशी बसला. घरी जाऊन मग बगीच्यात यावं, हे त्याच्यानं होईना. गावाच्या फाट्याअलीकडेच बगीचा आला. कंडक्टरला सांगून तो तिथं उतरला. कुठल्याशा सहकारी पुढाऱ्यानं आपल्या वडिलांच्या नावानं ही हौस भागवली होती. सेवाग्राम-पवनार करून आलेल्या शाळांच्या सहली इथं सुटत होत्या आणि आत शिरल्याशिरल्या पोरं वेडी होत होती. भोंगा सिनेमाची गाणी ओकत होता. हत्तीच्या सोंडेवरून घसरगुंडी, सिमेंटच्या झाडाला खरे झोके, आणि त्याच्या मागे पसरलेलं ते खेडं. नांगर धरलेला सिमेंटचा कुणबी, भाता ओढणारा लोहार, विहिरीवर बाया. आणि फाटकात तो. हातात काठी, कमरेत वाकलेला, शेजारी कुत्रं. एक मास्तर पोरांना त्याच्याभोवती उभं करत होते. "काठीला हात लावा रे, लावा, खरी वाटते!" चंद्रभाननं सवयीनं आधी डाग शोधला. एकही नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं, की या पुतळ्याला चेहरासुद्धा नव्हता. डोळे होते, मिशा होत्या, पण ते कोणाचेच नव्हते. त्यानं कॅमेरा काढलाच नाही.

आत गेल्यावर मात्र त्यानं हट्टानं फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं की कड आखली जाते, कडेबाहेरचं आपल्यावर येत नाही, असा त्याचा समज. तो टिकला नाही. जात्यावर बसलेल्या बाईच्या छातीवरचा रंग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून उडवला होता आणि तिथलं सिमेंट काळं, चिकट झालेलं होतं. विहिरीत आइसफ्रूटच्या काड्या आणि कोणाचीतरी ओकारी. कुंभाराच्या झोपडीत शिरल्यावर मुताच्या भपकाऱ्यानं तो उलट्या पावली बाहेर आला. माणसं तंबाखू, चुना, सुपारी घोटलेला खर्रा पिशवीतून गालात सारत होती आणि बायकोपोरांना पुतळ्यांच्या गळ्यात हात टाकायला सांगत होती. सगळ्यांना सगळं फार आवडत होतं. आमच्या आजोबांच्या काळी असंच होतं, असं एक बाई हळहळून म्हणाली. चंद्रभानला वाटलं, या बाईला धरून विचारावं, बाई, तुमचे आजोबा यातले कुठे उभे होते?

मालगुजार मधोमध होता, वेगळ्या ओसरीवर. अगदी जवळ जाईपर्यंत चंद्रभाननं मान वर केली नाही, म्हणून त्याला आधी पाय दिसले. सिमेंटच्या पायांवर लाल ओघळ होते, वाळलेले, त्यावर ताजे. मांडीवर, धोतराच्या चुण्यांत, तक्क्यावर. पिकदाणी काठोकाठ भरलेली होती, खरीखुरी, त्यात विड्यांची थोटकं तरंगत होती. आणि वर कपाळावर हळद, कुंकू, तांदूळ चिकटवलेले. पुढ्यात फोडलेल्या नारळाच्या कवटीला मुंग्या लागलेल्या. त्या सगळ्याच्या मध्ये बापाचं तोंड. शिल्पकारानं भुवईतली खाचसुद्धा सोडली नव्हती, आणि कुंकवाचा एक ओघळ नेमका तिच्यात जाऊन थांबला होता. चंद्रभाननं कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत लाल, पिवळं आणि ते तोंड एकमेकांत मिसळलं.  ओसरीच्या मागे जाऊन, भिंतीला हात न लावता, तो ओकला.

घर फाट्यावरून आत चालत दहा मिनिटांवर. माय, तानाबाई, अंगणात तूर झोडत होती. तिला दिसायला कमी आलं होतं, पण चाल ओळखू येई.

"कोन? चंदू? असा काऊन आला रे अचानक? सारे बरे हायेत नं?"

"बरे हायेत. बा कुठं हाय?"

"असंन नं त्या मूर्तीपाशी. मांगच्या वाटेनं गेला असंन, म्हनून तुले दिसला नसंन. सकाय-संध्याकाय दोन येळा जाते बुढा. मले तं वाटते त्यानं आता दुसरा संसार मांडला तिथं."

"आन तू काई म्हनत नाई त्याले?"

"म्हनतो नं. म्हनतो, मालगुजारसाहेब, जराशे लाकडं फोडून द्या. तं नुसता हासते." तानाबाईनं तुरीचा पेंढा बाजूला केला आणि मुलाच्या तोंडाशी हात नेऊन चाचपलं. "तोंड काऊन असं उतरलं तुह्यं? पोट बिघडलं का?"

बाप अंधार पडायच्या आत आला. खांद्यावर ओलं फडकं, हातात रिकामी बादली. चंद्रभानला बघून तो हसला, "कवा आला?" म्हणाला आणि पाय धुवायला बसला. चंद्रभान त्या फडक्याकडे बघत होता. फडकं तांबडं होतं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली पणती, सगळं नेहमीच्या जागी होतं, आणि त्याच्यापुढे बसून बाप तोंडात घास असताना नेहमीसारखाच पाऊसपाण्याचं विचारत होता. चंद्रभानच्या डोक्यात तिडीक गेली. रस्ताभर जुळवलेलं शहाण्यासारखं बोलणं बाजूला राहिलं.

"तुले लाज नाई वाटत, बा? काठी जाळली तू. कायले जाळली मंग? त्याच्याच गादीवर जाऊन बसाले? कपाळाले कुंकू लावून देव व्हाले? पुन्यात माह्या ऑफिसात तुह्या मांडीवर पोट्टी बसवून लोकं फोटू पाह्यतात. अन् तू रोज सजून धजून सोताले पाहाले जातं तिथं?"

मायचा हात भाकरीवर थांबला. बापानं घास गिळला. त्याला राग आला नाही, आणि त्यामुळे चंद्रभानला जास्तच राग आला. "सकायी ये माह्यासंगं," बाप म्हणाला. "थे फोटूची पेटीही आन." एवढंच. मग तो आपलं ताट घेऊन उठला आणि नेहमीसारखं स्वतःच धुऊन ठेवलं.

सकाळी थंडी मी म्हणत होती. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, धुकं इतकं की पुढे चालणारा बाप मधून मधून नाहीसा व्हायचा. चंद्रभानला त्याची पाठ दिसत होती; ती पाठ त्याला पाठ होती. बगीच्याच्या चौकीदारानं काही न विचारता कुंपणाचं मागलं फाटक उघडलं. नळावर बादली भरून बाप ओसरीशी आला. भोंगा नाही, पोरं नाहीत, सिमेंटची माणसं धुक्यात आपापली कामं धरून उभी. पायांवर ताजं थुंकलेलं होतं. ते अजून सुकलंही नव्हतं.

"हे कोन करते?" चंद्रभाननं नाकाला रुमाल लावून विचारलं.

"आपल्याच गावचे. रूपरावच्या वाड्यावरचे पोट्टे." रूपराव म्हणजे त्या मालगुजाराचा नातू. बाप फडकं पिळत सांगू लागला. "रूपरावले लय झोंबलं. पन त्याले बोलता येत नाई. तक्रार करन तं काय सांगन? का श्रावण आमच्या बुढ्यावानी दिसते? अन् दिसते म्हनलं तं पुढं कोन कोनाचा, हा इचार कराची पाळी येते नं." तो खाली मान घालून हसला. "म्हनून थुकतात. जाता-येता थुकतात."

"आन हे कुंकू?"

"थ्या बाहेरगावच्या बाया. मोटारीतून उतरतात, देव हाय म्हनून लावतात, नारळ फोडतात. ओळखीचे थुकतात, बिनओळखीचे पाया पडतात. मी दोन्ही पुसतो." त्यानं ओलं फडकं पुतळ्याच्या कपाळावरून फिरवलं, आपलं कपाळ पुसावं तितक्या सहज. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्या, चंदू. देव मानत नाई म्हनलं, तं मंग देव होऊन कसा बसू? म्हनून दोन येळा येतो. सकायी थुका जास्त असते, संध्याकायी कुंकू."

चंद्रभानला आपण काल जे बोललो ते सगळं आठवलं.   "पन तू बसलाच कायले?" तो शेवटी म्हणाला. आवाजात कालचा जोर नव्हता.

"मले फाटकातल्याच्यासाठीच आनलं होतं पहिले. कोतवालाले कोतवालच बरा दिसन म्हने. म्या म्हनलं, थे काम म्या सोडलं. सिमेंटातही नाई करत. कोनीच तयार नाई झालं, म्हनून त्याले कोनाचं तोंड नाई. मी वापस निंगालो तं थो मूर्तीवाला, दूरचा कुठला होता, त्यानं हात धरला. म्हने, बाबा, खुर्चीवर बसा, मला तुमचं तोंड पाहिजे. कोनाचं करतो ते त्यानं सांगतलं नाई, म्याही इचारलं नाई. पगडी त्यानं मांगून घातली."  फडक्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं. "दिवसभर पाहे माह्याकडे. एक डोया बारीक करून पाहे. उठून जवळ ये, पुन्हा पाहे. ही खूणही त्यानं बोट लावून पाह्यली. चंदू, सत्तरीले आलो मी. माह्या तोंडाकडे इतकं कोनी पाह्यलं नोतं. मालकापुढं मीच खाली पाहो. तुही माय लाजे. तू तं..." पुढचं त्यानं म्हटलं नाही. वाक्य तिथंच राहिलं, त्या पुढे आलेल्या ओठावर. "म्हनून बसलो. म्हनलं, पाह्य बाबा. पाहाचंच असंन तं नीट पाह्य."

मग बाप पायांशी वाकायला गेला आणि गुडघ्यानं त्याला मध्येच अडवलं. तो ओसरीची कड धरून तसाच थांबला. चंद्रभाननं रुमाल खिशात घातला. पुढे होऊन बापाच्या हातातलं फडकं घेतलं. ते थंडगार होतं आणि जड होतं. त्यानं सिमेंटच्या पायावर ते ठेवलं तशी थुंकी बोटांत आली, चिकट, तंबाखूच्या कणांसकट. घशाशी आलेलं त्यानं परत गिळलं. ओसरीची खालची भिंत, राख, खराटा, ओल्या राखेचा तो रंग, सगळं त्याच्या हातात आलं आणि त्यानं हात काढला नाही. बोटांच्या बेचक्या, धोतराच्या चुण्या, तक्क्याची किनार. पिकदाणी जागेवरच पक्की बसवलेली, उपडी करता येईना, तेव्हा ओंजळीनं पाणी मारून मारून ती रिकामी केली. किळस कमी झाली नाही. शेवटपर्यंत ती तशीच होती. पण एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याला हे नक्की कळत होतं, की आपल्याला किळस येते आहे ती दुसऱ्या कोणाची, आणि पाय आपल्या बापाचे आहेत.

"आता काढ फोटू," बाप म्हणाला. "सारं साफ हाय तवा काढ. थोड्या येळानं पुन्हा होते."

"तू उभा राय त्याच्या बाजूनं."

बाप उभा राहिला आणि उभं राहताच त्याची मान आपोआप खाली गेली. ओसरीपुढे ती तशीच जायची. खिडकीत चंद्रभानला वर टेकून बसलेलं ओलं तोंड दिसत होतं आणि खाली नुसतं टक्कल.

"बा, वर पाह्य."

बापानं मान वर केली, पण नजर चुकवली.

"माह्याकडे पाह्य."

बापानं पाहिलं. चंद्रभाननं एक डोळा मिटला होता आणि दुसऱ्या डोळ्यानं तो बघत होता. खाच, बाक, ओठ. डोळ्यांच्या कडेला जमलेलं पाणी, ते थंडीनं असेल. कानातले पांढरे केस. दाढीचे चुकलेले खुंट. एकही डाग त्याला आधी दिसला नाही. बोट खटक्यावर होतं आणि ते दाबायची त्याला घाई नव्हती. "झालं का रे?" बापानं ओठ न हलवता विचारलं. "थांब जरासा," चंद्रभान म्हणाला. मग त्यानं खटका दाबला.

पुण्याला परतल्यावर रोल धुऊन आला. चंद्रभाननं कॅमेरा प्रभाकररावांना परत दिला, चार-दोन फोटोही दिले. त्यांनी ते पत्त्यांसारखे पिसून बघितले. "कोतवाल नाही काढलात?"

"नाही. त्याच्यासाठी बसायला माझ्या वडिलांनी नकार दिला."

"म्हणजे?"

"तुमच्या काचेखाली आहेत ना, मालगुजार, ते माझे वडील. मूर्तिकारानं त्यांचा चेहरा घेतलाय."

प्रभाकररावांनी काचेकडे पाहिलं, चंद्रभानकडे पाहिलं, परत काचेकडे. मग ते मोठ्यानं हसले. "अरे वा! काय सांगता! अहो, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी उठून चंद्रभानचा हात हातात घेतला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, चहा मागवला. दिवसभर लोक येऊन त्या काचेत वाकून बघत होते आणि कमाल आहे म्हणत होते. चंद्रभान घरी जाताना जिन्यावर थोडा खुशीतच होता.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा प्रभाकररावांची काच पुसून चकचकीत केलेली होती. मुलीचा फोटो नव्हता. त्याच्या जागी देवीचं एक रंगीत कार्ड होतं, नवंकोरं, कडेला चुना-तंबाखूच्या दुकानाची जाहिरात छापलेलं. प्रभाकरराव फायलीत मान घालून बसले होते. "या, या," ते वर न बघता म्हणाले. चंद्रभान खुर्चीत बसला आणि ओळखीची ती किळस वर येण्याची वाट बघू लागला. ती आली. पण शर्टाला वास येतो का हे बघायला त्याची मान खांद्याकडे वळली नाही, बेसिनकडे जायला पाय उठले नाहीत. त्याला त्या स्वच्छ काचेची किळस आली. कोणीतरी सकाळी लवकर येऊन, ओलं फडकं घेऊन ती पुसली असणार. या माणसांच्या हसण्याची, चहाची, हातात घेतलेल्या हाताची त्याला इतकी शिसारी आली की तो ती शांतपणे सोसत राहिला. मग त्यानं बॅगेतून आपला फोटो काढला. आपल्या टेबलाची काच एका बाजूनं उचलली, फोटो आत सरकवला, प्रभाकररावांच्या खुर्चीतून उलटा दिसेल असा.

शिपाई चहा घेऊन आला. कप ठेवताना तो वाकून बघू लागला. "साहेब, हे कोण?"

"माझे वडील."

"कोणते? बसलेले का उभे?"

"दोन्ही," चंद्रभान म्हणाला, पलीकडच्या टेबलापर्यंत जाईल इतक्या आवाजात. पलीकडे फायलीचं पान उलटलं नाही. चंद्रभान फोटोकडे बघत राहिला, आणि बराच वेळ बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की काचेवर चहाचा एक थेंब सांडला आहे. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तो पुसून टाकला.